गुणवत्ता होती, तरी दार बंद

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था मुलांना दाखवताना एक गोष्ट अवश्य सांगावी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आलेल्या कमला भागवत यांनी येथे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

कमलाबाई स्वतः बंगळूरला आल्या आणि त्यांनी नकाराचा जाब विचारला. प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले गेले नाही. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या डॉ. कमला सोहोनी त्या याच.

आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शाळेचा समान हक्क दिला आहे. घरातील समानता मात्र मुले आपल्याकडे पाहूनच शिकतात. अभ्यासातून कामासाठी नेहमी बहिणीलाच का उठवले जाते, हे भावानेही विचारावे. उच्च शिक्षणाची ठेव दोघांच्याही नावे असावी. ही कथा मुलींइतकीच मुलग्यांनाही सांगावी. कारण उद्या एखादे दार अडवायचे की उघडायचे, हे त्यांच्याही हाती असेल.