गिअरबॉक्सला ताप आलाय का?

मे महिन्यातला शनिवार. पसरणी घाट. पुढे दोन एसटी, मागे गाड्यांची ही रांग. गाडीत आई-बाबा, आणि आमची सेकंडहॅण्ड ऑटोमॅटिक एसयूव्ही ऐन चढावर रुसली. मी अॅक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, पण गाडी काही जोर धरेना. डॅशबोर्डवर बघितलं तर इंजिनचा टेम्परेचर काटा एकदम नॉर्मल! मग तापलं होतं काय?

'गिअरबॉक्स!' पुण्यात परतल्यावर मेकॅनिक काकांनी डिपस्टिक नाकाशी धरून निकाल दिला. 'ताई, ऑइल लाल हवं. तुमच्या ऑइलचा काढा झालाय.' अख्खा गिअरबॉक्स उघडायचा तर किती, हा आकडा ऐकून माझाच पारा चढला. गाडीचे हप्ते अजून दोन वर्षं बाकी! नशीब, ऑइल आणि फिल्टर बदलण्यावर निभावलं. पण काकांनी एक सल्ला दिला, 'गिअरबॉक्सला थर्मामीटर लावून घ्या.'

फंडा काय आहे?

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती ऑइलमधून. घाटात किंवा हिंजवडीच्या जॅममध्ये गाडी रखडत चालली, की कन्व्हर्टरमधलं ऑइल नुसतंच घुसळलं जातं आणि तापतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस म्हणजे ऑल इज वेल. त्यापुढे ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांमागे ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. आधी ऑइल जळतं, मग रबरी सील कडक होतात, शेवटी क्लच प्लेट्स. आणि इंजिनचा काटा यातलं अवाक्षर सांगत नाही!

बसवायचा कसा?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावायचा आणि मोबाइलवर आकडा बघायचा. अर्थात, तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सचं तापमान देतो का, हे आधी तपासा. माझी गाडी जुनी, त्यामुळे खरा गेज बसवणं आलं.

गेज आणि सेन्सर एकाच सेटमधले घ्या. जोडी चुकली की आकडाही चुकतो. सेन्सरसाठी जागा दोन. गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइल पॅनमध्ये बसवला तर एकूण ऑइलचं तापमान कळतं, पण त्यासाठी पॅन उतरवून भोक पाडावं लागतं. कूलरकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड टाकून बसवला, तर कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं सगळ्यात गरम ऑइल सापडतं. आम्ही नळी निवडली. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याला बॉडीचं अर्थिंग लागतं. आमची नळी रबरी, म्हणून काकांनी वेगळी अर्थ वायर ओढली. गेजला करंट फ्यूजबॉक्समधून घेतला, तोही चावी फिरवल्यावरच चालू होणारा. नाहीतर सोमवारी सकाळी बॅटरी डाऊन! वायर एक्झॉस्टपासून लांब ठेवली. विंडशील्डशेजारच्या खांबात एअरबॅग असू शकते, म्हणून गेज तिथे न लावता डॅशबोर्डवर बसवला. शेवटी इंजिन चालू करून गळती बघितली, ऑइलची लेव्हल तपासली. अर्ध्या दिवसाचं काम.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कापाकापी करण्याआधी कंपनीला विचारा.

काटा वाचताना...

* घाटात थोडा वेळ ११० दाखवला तर घाबरू नका.
* काटा वर सरकायला लागला की मॅन्युअल मोडवर खालचा गिअर टाका. इंजिनचे फेरे वाढतात, कन्व्हर्टरवरचा ताण कमी होतो.
* १२० च्या पुढे गेला तर सुरक्षित जागी थांबा, 'पी'मध्ये टाका, पण इंजिन लगेच बंद करू नका. पंप चालू राहिला तरच ऑइल कूलरमधून फिरतं.
* ऑइल तपकिरी दिसलं, जळका वास आला, तर थेट गॅरेज.

परवा पुन्हा पसरणी चढलो. यावेळी बाबा पुढे बसून गेजची रनिंग कॉमेंट्री करत होते. '१०८... ११२... ११८... बाजूला घे!' घेतली. इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं थांबलो. आईने तेवढ्यात मेथीच्या ठेपल्यांचा डबा उघडला. खाली वाई दिसत होती आणि काटा हळूहळू ९५ वर आला. हप्ते अजून बाकी आहेत, पण गिअरबॉक्सचं टेन्शन गेलंय!