लाकडी विमान आणि वजनाचा हिशेब

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत हा विषय वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल, की उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना गुंतवून ठेवण्याचा हा एखादा उद्योग असावा. तसे वाटण्यात वावगे काही नाही. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु ज्या विमानाविषयी येथे बोलावयाचे आहे त्याचा पंख टोकापासून टोकापर्यंत तीन मीटर भरतो, त्याचे वजन भरल्या घागरीएवढे असते, आणि ते ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने डोक्यावरून जाते. आत माणूस नसतो. माणूस खाली जमिनीवर, हातात बिनतारी प्रेषकाची पेटी घेऊन उभा असतो. असली वस्तू नकाशावरून घरी तयार करता येते. मात्र ती करताना काय सांभाळावे लागते हे आम्ही एक विमान मोडून शिकलो.

आम्ही नांदेड आणि लातूरची मिळून सहा मंडळी. कोणी शिक्षक, कोणी वीजकामाचे जाणकार, आणि एक नांदेडचे वृद्ध सुतार, ज्यांना सगळे मामा म्हणत. आमच्यातील दोघांनी विद्यार्थिदशेत एन. सी. सी.च्या हवाई शाखेत लहान विमाने केली होती, तेवढेच भांडवल. उभारणी नांदेडला व्हावयाची आणि उड्डाण लातूरच्या बाजूला, असा बेत होता. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम नकाशाविषयी. विमानाचा नकाशा घराच्या नकाशासारखा लहान प्रमाणावर काढलेला नसतो. तो बहुधा प्रत्यक्ष आकाराचाच असतो, कारण काम त्याच्यावरच करावयाचे असते. सपाट फळीवर कागद पसरावा, त्यावर पातळ प्लास्टिक अंथरावे म्हणजे डिंक कागदाला धरत नाही, आणि रेघेवर काडी ठेवून टाचण्यांनी ती जागच्या जागी रोवावी. अशा रीतीने पंखाची एकेक फासळी कागदावरच उभी राहते. यासाठी फळी खरोखर सपाट हवी. आम्ही जुन्या दाराचे एक फळकूट वापरले. त्याला डोळ्यांना न दिसणारा पीळ होता. तो पंखात उतरला, आणि पंख फळीवरून काढल्यावर दिसला. पिळलेला पंख विमानाला सतत एका कुशीवर लोटतो. दुसरी चूक नवशिक्याकडून हमखास होते, ती म्हणजे एकच रेखाचित्र समोर ठेवून दोन्ही पंख डावेच तयार करणे. ही चूक आमच्याकडून झाली नाही. पण तीही मामांमुळे. जोडीच्या वस्तू, दाराची डावी-उजवी झडप, हे त्यांच्या हातात मुरलेले होते.

आमच्याजवळचा नकाशा दोन मीटर पंखाच्या विमानाचा होता. त्याचे वजन साडेतीन किलो व्हावे अशी अपेक्षा. आम्हांला मोठे विमान हवे होते, म्हणून कोणीतरी म्हणाले, नकाशा दुप्पट करून छापून घेऊ, की काम झाले. येथे सारे प्रकरण अडते.

ज्वारीची भाकरी घ्या. तिचा व्यास दुप्पट केला आणि जाडी तीच ठेवली, तर पीठ चौपट लागते. जाडीही दुप्पट केली, तर आठपट. विमानाचेही असेच आहे. सगळी मापे दुप्पट केली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि हवा त्याच क्षेत्रफळावर विमानाला उचलून धरते. पण लाकूड आठपट भरते. साडेतीन किलोचे विमान अठ्ठावीस किलोचे होते. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पूर्वी पाच किलोचा भार होता, तो दहा किलोचा होतो, आणि विमान हवेत टिकून राहण्यासाठी जो किमान वेग लागतो तो जवळजवळ दीडपट वाढतो. वेग वाढला की उड्डाणाला जागा जास्त, उतरण्याला जास्त, आणि चुकायला सवड कमी. शिवाय आपल्या देशाच्या २०२१ च्या ड्रोन नियमावलीत मॉडेल विमानाची वजनमर्यादा पंचवीस किलो आहे. म्हणजे दुप्पट नकाशाचे आमचे विमान जमिनीवरून उठण्याआधीच नियमाबाहेर गेले असते.

यावर उपाय भाकरीतच आहे. व्यास वाढवा, जाडी त्या मानाने वाढवू नका. तीन मिलिमीटरच्या फासळीची साडेचार मिलिमीटरची न करता तीनचीच ठेवावी, मध्ये भोके पाडावीत, आणि बळ हवे तेथेच द्यावे. पंखातून आडवी जाणारी मुख्य काठी, जिला स्पार म्हणतात, तिच्यात बळ हवे. मागच्या कडेला ते नको. म्हणून नकाशा मोठा करणे हे छापखान्याचे काम नाही, तो पुन्हा विचारपूर्वक काढावा लागतो. एक बारीकशी अडचण येथेच सांगून टाकतो. नकाशा वाढवला की लाकूड बसवण्याच्या खाचाही वाढतात, पण बाजारात लाकूड ठरावीक जाडीचेच मिळते. आमच्या पहिल्या चौकटींत काड्या खुळखुळ वाजत होत्या.

आम्ही दुपटीचा नाद सोडून दीडपटीवर आलो. पंख तीन मीटर, क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर. वजन नऊ किलोंपर्यंत राखावयाचे ठरवले. प्रत्यक्षात ते तेरा किलो झाले. हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे.

अशा विमानाला बाल्सा नावाचे लाकूड लागते. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरमधून त्याचे लाकूड जगभर जाते. आपल्या काटेसावरीच्या कुळातलेच ते आहे. एक लिटरचे भांडे मावेल एवढा सागाचा ठोकळा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढाच बाल्साचा ठोकळा दीडशे ग्रॅम. त्यातही दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो, म्हणून प्रत्येक फळी तोलून, वजनदार फळी पंखाच्या मधोमध आणि हलकी शेपटाकडे अशी वाटणी करावी लागते. आम्ही बाल्सा मागवला होता. पण मामांचा त्यावर विश्वास बसेना. किनवटच्या सागावर आयुष्य गेलेले ते गृहस्थ. नखाने दबणाऱ्या लाकडाला त्यांनी लाकूड का म्हणावे? त्यांनी एक काडी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "मास्तर, ह्या काडीवर चिमणी बसायची नाही, अन् तुम्ही इमान उडवायलेत!" मग जेथे त्यांना शंका आली तेथे त्यांनी आम्हांला न सांगता सागाची एकेक पट्टी बसवली. शंका त्यांना शेपटाविषयी सर्वांत जास्त आली.

आता, शेपूट हे विमानात वजन वाढवण्याचे सर्वांत वाईट ठिकाण. विमान तोलले जाते ते पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मागे. तेथे दोन बोटांवर ते उचलले असता आडवे राहिले पाहिजे. शेपूट या बिंदूपासून लांब असते, नाक जवळ. तराजूची एक दांडी तिप्पट लांब असल्यासारखेच हे. शेपटात शंभर ग्रॅम जास्त झाले की नाकात तीनशे ग्रॅम शिसे भरावे लागते. मामांच्या पट्ट्यांपायी आम्ही नाकात एक किलोहून अधिक शिसे ओतले. नाक किंचित जड असलेले विमान आळशासारखे उडते, पण उडते. शेपूट जड असलेले विमान माकडासारखे वागते आणि हातात परत येत नाही. म्हणून शिसे घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिसे घातले म्हणून नाकाची चौकट भक्कम केली, चौकट भक्कम झाली म्हणून चाके जाड लावली, चाकांसाठी पोटाखाली प्लायवूड आले. वजन असे एकाच्या हाताला दुसरे धरून येते. दोष मामांचा नव्हता. सुताराला आयुष्यभर जे शिकवले ते त्यांनी केले. आम्ही मात्र प्रत्येक तुकडा तोलावयाचा सोडून विमान पुरे झाल्यावर एकदाच काट्यावर ठेवले.

बिनतारीच्या भागाविषयी थोडक्यात. अमेरिकेत कलामझू गावी वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास बिनतारीने चालणारे विमान सिद्ध केले. त्याचाही पंख आठ फुटांचा होता, कारण तेव्हाचे निर्वात नळ्यांचे ग्रहणयंत्र आणि बॅटऱ्या वाहून नेण्याला मोठेच विमान लागे. आज ते वॉशिंग्टनच्या विमान-संग्रहालयात आहे. आता ग्रहणयंत्र काडेपेटीएवढे असते. प्रेषकाची दांडी हलवली की विमानातील सर्व्हो नावाच्या लहान यंत्राकडे सेकंदाला साधारण पन्नास वेळा स्पंद जातो; स्पंदाची लांबी दीड मिलिसेकंद असेल तर सुकाणू मधोमध, एक असेल तर एका टोकाला, दोन असेल तर दुसऱ्या. यात आज विशेष अवघड असे उरलेले नाही. उड्डाणापूर्वी प्रेषकाची शक्ती मुद्दाम कमी करून तीस पावले दूर जाऊन पाहावे, आणि संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद होईल अशी योजना करून ठेवावी, एवढे पथ्य पुरे.

यंत्रापेक्षा हवेचा विचार जास्त करावा लागतो, आणि तो आम्ही केला नाही. नांदेडचा विमानतळ शहराला लागून. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरांच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, म्हणून आम्ही लोहा, अहमदपूर मागे टाकून चाकूरच्या बाजूचे एक माळरान निवडले. काळ्या रानापेक्षा मुरमाड माळ चाकांना बरा. पण दिवस मे महिन्याचे, आणि सगळी तयारी होईपर्यंत सकाळचे अकरा वाजले. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे तीस मीटर उंच. तेथील उन्हाळ्याच्या भर उन्हात हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा सातवा हिस्सा पातळ झालेली असते. पातळ हवा पंखाला कमी उचलते, पंख्याला कमी पकड देते आणि इंजिनाचाही दम काढते. तेरा किलोंच्या आमच्या विमानाला त्या हवेत टिकून राहण्याला ताशी एक्केचाळीस किलोमीटर वेग हवा होता. नऊ किलोंचे असते तर चौतिसात भागले असते.

ते उठले. सव्वा मिनिट उडालेही. मग वळण घेताना वेग कमी पडला, आतला पंख खाली गेला, आणि विमान फिरत फिरत नांगरलेल्या ढेकळांत पडले. त्या शेताच्या बांधावर एक गुराखी मुलगा आमची गंमत पाहत बसला होता. पावले मोजली तेव्हा त्याच्यात आणि त्या शिसे भरलेल्या नाकात पंचवीस पावलांचे अंतर निघाले. मुलगा हसत होता. आमच्यापैकी कोणीही हसले नाही, आणि परतीच्या वाटेवर अहमदपूरपर्यंत टेम्पोत कोणी बोलले नाही.

पुढे हिशेब मांडला तो असा. पंख तोच ठेवून वजन दीडपट केले, तर किमान वेगाचा वर्गही दीडपट होतो; म्हणजे आदळण्याची शक्ती दीडाच्या दीडपट, सव्वादोनपट होते. आमचे विमान पडले ते नऊ किलोंच्या विमानाच्या दुपटीहून अधिक जोराने. आम्ही ज्याला मजबुती समजत होतो ती विमानाच्या कामी आली नाहीच. साग अभंग राहिला आणि त्याच्या भोवतीचे सगळे मोडले.

हलकेपणाने काय साधते याचे एक उदाहरण आम्ही तेव्हा मामांना सांगितले. मेनार्ड हिल नावाचे अमेरिकन गृहस्थ, वृद्ध, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी बाल्साचे एक विमान केले, इंधनासह पाच किलोंच्या आत. ऑगस्ट २००३ मध्ये ते न्यूफाउंडलंडहून सोडले आणि अडतीस तासांहून अधिक काळ उडून, तीन हजार किलोमीटरांचा अटलांटिक ओलांडून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. मामांनी विचारले, "त्याचं शेपूट किती वजनाचं होतं?" प्रश्न बिनतोड होता.

व्याख्यानानंतर एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, त्याचे काय? त्या घटनेला त्या काळचा भरवशाचा लेखी पुरावा मिळालेला नाही. तिच्याबरोबर ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्यातील विमानांची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. ती उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तळपद्यांच्या हौसेचा आम्हांला अनादर नाही. पण चित्र कितीही देखणे असले तरी वजन किती, पंखाचे क्षेत्र किती आणि तोल कोठे, या तीन प्रश्नांना त्याने उत्तर दिले पाहिजे. आमच्या पहिल्या विमानालाही ती उत्तरे नीट देता आली नव्हती.

दुसरे विमान करावयास सात महिने लागले. या वेळी धान्य तोलण्याचा काटा बाजूला ठेवून सोनाराकडचा काटा आणला, आणि फासळी कापली की तोलून तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहावयाचे, असा नेम केला. तो नेम सर्वांत काटेकोरपणे मामांनी पाळला. दोन ग्रॅम जास्त भरलेली फासळी ते स्वतःच घासायला घेत. शेपटात सागाचा कण नाही. सगळे मिळून नऊ किलो दोनशे ग्रॅम. जानेवारीतल्या एका सकाळी, सात वाजता, त्याच माळावर, आजूबाजूची रिकामी शेते आधी पायांनी हिंडून पाहून, ते उडवले. नऊ मिनिटे हवेत होते. उतरताना एक चाक मुरमात अडकून वाकले, तेवढेच. नाकात अजून ऐंशी ग्रॅम शिसे आहे. ते काढता येईल का, यावर मामांचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही.