डिझेल इंजिनाची राखीव शक्ति

नांदेडहून लोहा, अहमदपूर या मार्गानें लातूरकडे जाणारी भरलेली मालमोटार बालाघाटाच्या चढावर मंदावते आणि इंजिनाची शक्ति वाढविण्याचा मोह मालकास होतो. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारलें, कीं तें पेटतें. पंपांतून तेल अधिक सोडलें आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर निघतो व पिस्टन फाजील तापतो. टर्बोचा दाब वाढविला, तर हेड गॅस्केटवर ताण पडतो. तेल वेळेआधीं सोडलें, तर सिलिंडरांतील दाब आणखी चढतो.

यांपैकीं एखादा फेरफार इंजिन कदाचित् सोसेल. कारण निर्मात्यानें थोडी ताकद राखून ठेवलेली असते. परंतु ही राखीव एकच. तिघांनीं एकाच कणगींतून धान्य उपसलें, तर ती लवकर रिती व्हावयाचीच! त्यांतच मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे गेला, म्हणजे रेडिएटरासही उसंत नसते. शिवाय शक्ति वाढली तरी ब्रेक पूर्वीचेच राहतात. नोंदणीपत्राशीं न जुळणाऱ्या फेरफारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही आडवें येतें. भार बेताचा ठेवून खालच्या गिअरांत सावकाश चढणें, हेंच अखेर स्वस्त पडतें.