आधी जेवणाची वेळ, मग उपवास

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातले आसेगाव सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात येते. या भागात कोणाचा सोमवार, कोणाची संकष्टी, कोणाची एकादशी असे उपवास घरोघरी चालतात. दुसरीकडे मधुमेह आणि वाढलेले वजन आता शहरापुरते राहिलेले नाही. उपवासाचा दिवस कॅलेंडर पाहून पाळला जातो. रोजचे रात्रीचे जेवण मात्र मालिका संपल्यावर, कधी आठला तर कधी साडेदहाला होते. शिस्त लावायची असेल तर ती या रोजच्या वेळेपासून लावावी लागेल.

परंपरांनी वेळ आधीच ठरवली आहे

वाशीम जिल्ह्यात कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी ठिकाणे आहेत. जैन आचारात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दिवसातून एकाच बैठकीत जेवणे म्हणजे एकासन, दोन बैठकींत जेवणे म्हणजे बियासन. बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतात, त्यात दुपारनंतरचे भोजन वर्ज्य असते. रमजानचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो. संकष्टी चंद्रोदयानंतर सुटते, श्रावणी सोमवार संध्याकाळी. श्रद्धा वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येकीने तोंड कधी बंद ठेवायचे हे नेमून दिले आहे. नेमका हाच भाग आपण सैल केला.

दोन जेवणांचा मराठी वाद

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो घरोघरी नेला. त्यांची पद्धत अशी: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. खाल्ले की इन्सुलिन वाढते, म्हणून वारंवार खाऊ नका, हा त्यामागचा मुद्दा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी आणि आपल्या मातीतले खा, असे सांगितले. या दोन मतांवरून अनेक मराठी घरांत तट पडले.

संशोधन काय सांगते

२०१८ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. दिवसाचे सगळे खाणे सहा तासांत आणि दुपारी तीनच्या आत संपवल्यावर, वजन न घटताही त्यांचा रक्तदाब उतरला आणि इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील १३९ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांचे खाणे सारखेच कमी केले होते. निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या आतच घ्यायचे होते. वजन दोन्ही गटांचे घटले, पण त्यांच्यातला फरक ठोस ठरला नाही.

सारांश असा, की लवकर जेवल्याचा फायदा होऊ शकतो, पण ताटात किती आहे हा प्रश्न वेळ पाळून सुटत नाही. वेळेचा खरा उपयोग सवयीसाठी होतो. स्वयंपाकघर आठला बंद झाले की दहाचे फरसाण आपोआप टळते.

उपवासाच्या ताटात काय असते

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नसतात. त्यात तूप, बटाटा आणि वर वेफर्स आले की साध्या वरण-भाकरीपेक्षा पोटात जास्तच जाते. त्यापेक्षा राजगिरा, दही, ताक, फळ, मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेले रताळे बरे. भगर घेताना सुटी, जुनी किंवा दमट घेऊ नये. बुरशी लागलेल्या भगरीने विषबाधा होते.

शेतातल्या कामाचे गणित वेगळे

दिवसभर निंदणी किंवा सोंगणी करणाऱ्याने ऑफिसात बसणाऱ्याचे वेळापत्रक उचलू नये. सकाळी पोटभर न्याहारी, दुपारी भाकर, वरण, भाजी आणि दिवस मावळताना हलके जेवण हा क्रम त्याच्या कष्टाला धरून आहे. रब्बीत पाण्याची पाळी रात्री आली, तर जेवण जाण्याआधी उरकावे. रात्री गरज पडलीच तर फुटाणे पुरेत. वऱ्हाडच्या उन्हात निर्जळी उपवास करून शेतात जाणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळतो. सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खाणाऱ्या बाईने आणखी एक जेवण सोडू नये. तिने वेळेवर आणि पुरेसे खाणे हीच शिस्त.

कोणी उपवास टाळावा

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते, बेशुद्धीही येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले, क्षयरोगाचे रुग्ण आणि अशक्त वृद्ध यांनी लांब उपवास करू नयेत. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनी निर्जळी उपवास अजिबात धरू नये. अंगातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो.

सुरुवात कशी करावी

प्रथम रात्रीच्या जेवणाची वेळ नक्की करा, शक्यतो झोपण्याआधी दोन-तीन तास. त्यानंतर फक्त पाणी. ती सवय मुरली की दिवसातला गोड चहा आणि बिस्किटे कमी करा. मग सकाळच्या पहिल्या खाण्यापर्यंत बारा तासांचे अंतर ठेवून पाहा. निरोगी माणसाला एवढे सहज जमते. आठवड्यातून एक दिवस उपवास ही त्यापुढची पायरी, आणि त्या दिवशी फराळ एकदाच.

दोनदा जेवायचे की तीनदा, हे ज्याने त्याने आपल्या कामावरून आणि प्रकृतीवरून ठरवावे. जे ठरेल ते मात्र सणावाराला आणि लग्नसराईतही पाळावे.