तलावापूर्वींचें स्नान

व्यायामसंस्थेतील पोहण्याच्या तलावाजवळ येणारा उग्र वास ही शुद्धतेची खूण, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. क्लोरिन पाण्यांतील जंतूंचा नाश करतो खरा. परंतु घाम व मूत्र यांच्याशीं त्याचा संयोग झाला म्हणजे क्लोरामाइन नांवाचीं द्रव्यें बनतात. तो वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेंहि त्यांच्यामुळेंच. असा खर्ची पडलेला क्लोरिन जंतुनाशास पुरेसा उरत नाहीं. शिवाय अतिसार उत्पन्न करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म जीव क्लोरिनयुक्त पाण्यांतहि 7 दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून त्याची बाधा झालेल्यानें अतिसार थांबल्यावरहि 2 आठवडे तलाव वर्ज्य करावा. इतरांनीं निदान 1 मिनिट अंग धुऊनच पाण्यांत उतरावें. पोहून झाल्यावरचें स्नान स्वतःसाठीं असतें; आधींचें स्नान सर्वांसाठीं.