मोटारीतील बालआसन आणि त्याची बांधणी

लग्नकार्याला निघालेल्या मोटारीत पुढच्या आसनावर आईच्या मांडीत तान्हे मूल, हे दृश्य आपल्याकडे नित्याचे आहे. आईची मिठी हीच मुलाला सर्वांत सुरक्षित जागा, अशी समजूत त्यामागे असते. परंतु ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यास १०० किलोंहून अधिक वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणाच्याच हातांत नसते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बालआसनात बांधलेले नसल्यास १,००० रुपये दंड होतो. दंडाचे राहो, हौसेने आणलेले आसनही पुष्कळदा सैल बसविले जाते, हे अधिक चिंताजनक होय.

आसन मागील बाकावरच बसवावे. तान्ह्या मुलाचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस असावे, म्हणजे धक्क्याचा भार मानेवर न येता सबंध पाठीवर विभागला जातो. मोटारीचा पट्टा आसनाच्या नेमक्या खाचांतून ओवून अडकवावा आणि आसन गुडघ्याने दाबीत उरलेली ढील ओढून घ्यावी. नंतर पट्ट्याजवळ धरून आसन हलवून पाहावे. ते अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकल्यास पुन्हा बांधावे. मुलाच्या खांद्यावरील पट्टी चिमटीत धरता आली, तर तीही सैलच समजावी. जाड स्वेटर पट्टीखाली नको. शाल वरून पांघरावी.

मूल रडू लागले की त्याला सोडवून मांडीवर घेण्याचा मोह होतो. अशा वेळी मोटार आधी सुरक्षित जागी थांबवावी.