कौलांच्या पाठीवरचे नाव

आषाढात कोकणातला पाऊस कसा कोसळतो, ठाऊक आहे ना? दोन हातांवरचे दिसत नाही! तरी कौलारू घरातली माणसे आत कोरडी असतात. वर सिमेंट नाही, डांबर नाही. नुसती भाजलेली माती, रिपांवर मांडून ठेवलेली. मग पाणी आत का येत नाही? हे समजून घ्यायला चला मंगळूरला. आणि तिथे पोहोचलो की आधी जायचे एका चर्चमध्ये.

बलमठ टेकडीवरचे हे शांती कॅथेड्रल १८६२ सालचे. ते उभारले बासेल मिशनने. बासेल हे स्वित्झर्लंडमधले, ऱ्हाईन नदीकाठचे शहर. तिथे १८१५ मध्ये ही प्रोटेस्टंट संस्था निघाली. तिच्यातले बरेच तरुण शेजारच्या जर्मनीतले, शेतकऱ्यांची नि कारागिरांची मुले. १८३३ मध्ये इंग्रजांचा कायदा बदलला आणि इतर देशांच्या मिशनऱ्यांना भारताचे दार उघडले. लगेच पुढच्या वर्षी हेबिक, लेहनर आणि ग्राइनर असे तिघे मंगळूरला आले.

मिशनच्या माणसांनी कन्नड किती मनापासून शिकावी! मोग्लिंग यांनी १८४३ मध्ये ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधले पहिले वृत्तपत्र काढले. पुढे किटेल यांनी कन्नडचा भलाथोरला शब्दकोश रचला. तो १८९४ मध्ये छापून झाला.

पण एक मोठा पेच होता. जे लोक ख्रिस्ती होत, त्यांना जातीबाहेर टाकत. घर सुटे, काम सुटे. मग त्यांनी खायचे काय? मिशनने माग घातले, छापखाना चालवला, आणखीही उद्योग करून पाहिले. त्या छापखान्यासाठी आलेले गेओर्ग प्लेब्स्ट हे यंत्रांतले जाणकार. मंगळूरच्या नद्यांकाठची चिकण माती त्यांच्या मनात भरली. १८६५ मध्ये नेत्रावतीकाठी जेप्पूला त्यांनी कौलांचा कारखाना काढला.

त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले असत. माकडे नाचली की ती सरकत, म्हणून दरवर्षी घर शाकारावे लागे. नवे कौल सपाट होते आणि सगळी कौले एका मापाची, कारण ती यंत्राच्या साच्यात दाबून काढलेली. त्याच्या कडांना खाचा होत्या आणि पाठीला पुढे आलेले दात. दात रिपेला अडकतात, म्हणून कौल घसरत नाही. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, जशी आपण दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफतो. पाणी खाचेत शिरलेच, तर खाच त्याला उताराने खालच्या कौलावर नेऊन सोडते. मला तर या खाचा म्हणजे चिमुकल्या पन्हळीच वाटतात! आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते ती वेगळीच.

आता सांगा, ही मातीच आहे, तर पावसात विरघळत कशी नाही? ओल्या मातीत दोन प्रकारचे पाणी असते. एक कणांमधले. ते वाळवले की जाते आणि पुन्हा भिजवले की परत येते. दुसरे कणांच्या घडणीतच बांधलेले. ते सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की सुटते. भट्टी आणखी तापली की कण एकमेकांना कायमचे चिकटतात. मग त्याचा पुन्हा चिखल होत नाही. मातीतल्या लोहाला ऑक्सिजन मिळतो आणि कौल लालबुंद होते.

ही कौले गलबतांतून किनाऱ्याने दूरदूर गेली. इतर कारखानेही निघाले. पहिल्या महायुद्धात मात्र इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, कारण तिथे जर्मन माणसे होती. कारखाने गेले, मंडळी राहिली. १९४७ मध्ये दक्षिणेतल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केले. शांती कॅथेड्रल आज त्याच चर्चचे आहे.

कुणा आजोळच्या पडवीत जुने कौल पडले असेल, तर उलटे करून पाहा. ‘बासेल मिशन’ आणि १८६५ अशी अक्षरे दिसली, तर ते वर्ष कारखाना निघाल्याचे समजा. ते कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेले असू शकते.